बक्षीसपत्रातली एक ओळ

अप्पा बेलवलकरांनी आजच्या काळात वाटणी केली असती तर? 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आलं. तेव्हा सगळं मुलांना देऊन बसलेल्या बापाने दाद मागायची म्हणजे दिवाणी कोर्टात चपला झिजवायच्या. आता त्यासाठी वेगळा कायदा आहे : 'आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७'. नाव मालगाडीएवढं, पण त्यातलं कलम २३ प्रत्येकाने एकदा वाचावं असं आहे. माझा सांभाळ करशील या अटीवर घर दिलं आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर ते घर जणू फसवून किंवा दबाव टाकून घेतलं असं धरलं जातं, आणि देणाऱ्याची इच्छा असेल तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द करतं.

म्हणजे अप्पा जिंकले असते? थांबा. पहिला प्रश्न आला असता, "अट कागदावर होती का?"

सध्या कोथरूडमध्ये जिकडेतिकडे रिडेव्हलपमेंट चालू आहे. आमच्याही सोसायटीत तोच विषय. त्याच्या मागोमाग दुसरा विषय येतोच, "फ्लॅट आत्ताच मुलाच्या नावावर करून टाकावा का?" महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. इतकं स्वस्त म्हटल्यावर लोक मृत्युपत्राच्या भानगडीत न पडता सरळ बक्षीसपत्र करतात. फरक एवढाच, की मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येतं. बक्षीसपत्र नोंदवलं की घर त्याच दिवशी दुसऱ्याचं.

मागच्या महिन्यात वरच्या मजल्यावरचे काका पेनड्राइव्ह घेऊन आले. "अरे, एवढी प्रिंट काढून दे." बक्षीसपत्राचा मसुदा होता. सवयीप्रमाणे मी वाचला. एजंटने कुठल्यातरी जुन्या फाइलवरून कॉपी-पेस्ट केलेला दिसत होता, कारण एका जागी दुसऱ्याच कुणाचं तरी आडनाव राहिलं होतं. आणि मधे ते ठरलेलं वाक्य, 'नैसर्गिक प्रेम व मायेपोटी'. सांभाळाबद्दल एक अक्षर नाही.

आता हे वाचा. ६ डिसेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातल्या एका आईच्या प्रकरणात सांगितलं, की कलम २३ लागू व्हायला सांभाळाची अट होती हे दिसलं पाहिजे, नुसत्या प्रेमापोटी दिलं म्हणून अट गृहीत धरता येणार नाही. पुढे २ जानेवारी २०२५ ला मध्य प्रदेशातल्या एका आईला त्याच न्यायालयाने घर परत मिळवून दिलं. कायदा ज्येष्ठांच्या भल्यासाठी आहे, तो उदारपणे वाचा, असंही म्हटलं. पण तिथे मुलाने सांभाळीन, असं वेगळ्या कागदावर लिहून दिलेलं होतं. दोन्हीकडे आईच. फरक लेखी वचनाचा.

काकांना हे सांगितलं तर ते अवघडले. "पोटच्या पोराकडून लिहून घ्यायचं? लोक काय म्हणतील?"

गंमत बघा. अकरा महिन्यांच्या भाडेकरारात आपण भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत इथपर्यंत लिहितो. तिथे कुणाला संकोच वाटत नाही. आणि आयुष्यभराचं घर देताना एक ओळ जड जाते.

काकू इतका वेळ गप्प होत्या. फ्लॅट एकट्या काकांच्या नावावर आहे. त्या हळूच म्हणाल्या, "आणि ह्यांच्या मागे मी कुठे राहायचं, ते कुठे लिहिलंय?"

काका काहीच बोलले नाहीत. रात्री मुलाशी व्हिडिओ कॉल झाला. तो म्हणाला, "बाबा, लिहा ना. मी सांभाळणारच आहे, मग मला कशाला वाईट वाटेल?" आता वकिलाकडून नवा मसुदा होतोय. त्यात सांभाळाची अट आहेच, शिवाय दोघांनाही हयातभर त्या घरात राहायचा हक्क, काकूंचं नाव घालून.

ज्यांची वेळ आधीच निघून गेली आहे त्यांच्यासाठी : निर्वाह भत्त्याचा अर्ज प्रांत दर्जाच्या अधिकाऱ्यापुढच्या न्यायाधिकरणात करता येतो. स्वतःला जमत नसेल तर दुसरी व्यक्ती किंवा संस्थाही करू शकते. नोटीस बजावल्यापासून साधारण ९० दिवसांत निकाल अपेक्षित आहे. भत्त्याची कमाल मर्यादा मात्र महिना १० हजार, म्हणजे पुण्यात दिवसरात्र राहणाऱ्या बाईच्या पगारालाही पुरायची नाही. वृद्धांना टाकून देणं हा गुन्हा आहे, त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन. आईबाबांच्या फोनमध्ये आजच सेव्ह करून ठेवा.

आणि हो, तुमच्या घरी असा मसुदा आला असेल, तर सही व्हायच्या आधी तुम्हीच म्हणा, "बाबा, ती ओळ घाला." त्यांना स्वतःहून मागायला फार जड जातं हो.