सोळा रस्ते आणि पाठीवरचं पोतं

शिरूर अनंतपाळच्या एखाद्या घरात लग्न ठरलं की पत्रिकेच्या आधी बस्त्याचा दिवस ठरतो. नवरीकडचे, नवरदेवाकडचे, कापडाचा पोत बोटांनी ओळखणारी एखादी आत्या, हिशोब धरणारा मामा, अशी पंधरा-वीस माणसं जीपमध्ये नाहीतर एसटीत दाटीवाटीनं बसतात आणि लातूर गाठतात. लातूर गाठायचं म्हणजे गोलाई गाठायची. 1999 मध्ये शिरूर तालुका झालं, तहसील कचेरी आली, दुकानं वाढली. तरी बस्ता बांधायचा तो लातुरातच. साड्या एका रस्त्यावर, मणी-डोरलं दुसऱ्या, भांडी तिसऱ्या, आणि चपला घेतल्याशिवाय लेकरं गाडीत चढत नाहीत म्हणून आणखी एका रस्त्यावर चक्कर. सांजच्याला गाठोडी गाडीच्या टपावर चढतात. दुकानापासून गाडीपर्यंत ती कुणाच्या डोक्यावरून आली, हे मात्र लग्नाच्या कुठल्याच आठवणीत राहत नाही.

गोलाईची गोष्ट त्या डोक्यापासून सांगायला हवी.

गंजगोलाईचा आराखडा निजामी राजवटीतले नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी केला. मधली दुमजली गोलाकार इमारत 1917 सालची. तिच्या पोटात अंबाबाईचं, म्हणजे लोकांच्या तोंडी जगदंबेचं, देऊळ आणि चौफेर फुटणारे सोळा रस्ते. फैयाजुद्दीन नावाच्या माणसानं कागदावर वर्तुळ काढलं आणि त्याच्या मध्यभागी देवी बसली, याचं लातूरकराला कधी नवल वाटलं नाही. नवरात्रात इथे पाय ठेवायला जागा नसते, आणि त्या गर्दीत नारळ विकणारे, हार गुंफणारे, बांगड्या भरणारे सगळ्या आळ्यांतून आलेले असतात. गोलाईवर मराठी बोलली जाते, दखनी बोलली जाते, मारवाडी बोलली जाते. बिदरच्या बाजूनं आलेला गिऱ्हाईक कानडीत भाव करतो आणि दुकानदार त्याला कानडीतच नाही म्हणतो.

पण गोलाईच्याही आधी इथे रूळ आले होते. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी 1911 मध्ये लातूरला पोचली. कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं 1897 मध्ये बार्शीपासून सुरू केलेली ही छोटी लाईन. पुढे 1927 मध्ये ती मिरजेला जाऊन भिडली, तोवर लातूर हे तिचं पूर्वेकडचं शेवटचं टोक म्हणून पक्कं झालं होतं. शेवटचं स्टेशन असणं बाजाराच्या पथ्यावर पडतं. आसपासच्या गावांतून बैलगाड्यांनी यायचं, माल उतरवायचा, तोलायचा, पुन्हा डब्यात भरायचा. कुर्डुवाडीला छोट्या गाडीतला माल पुन्हा मोठ्या गाडीत चढायचा. आधी रूळ आणि मग सहा वर्षांनी गोलाई, हा क्रम पाहिला की वाटतं, फैयाजुद्दीन यांनी आखलेलं वर्तुळ हे सुंदर चौकाइतकंच सोयीचं गणितही होतं: कुठल्याही बाजूनं आलेल्या ओझ्याला मध्यापर्यंत सारखंच अंतर.

आणि ते अंतर तोडलं माणसांच्या पाठींनी.

शंभर किलोचं ज्वारीचं पोतं पाठीवर घेण्याची एक रीत असते. दोघांनी दोन कानांना धरून उचलायचं, तिसऱ्यानं वाकून पाठ द्यायची, लोखंडी आकडा तागात रुतवायचा आणि गुडघे न लचकू देता पहिलं पाऊल टाकायचं. पहिलं पाऊल नीट पडलं की पुढची आपोआप पडतात, असं जुने हमाल नव्या पोरांना सांगत. डोक्यावरच्या ओझ्याला चुंभळ, पाठीवरच्या ओझ्याला जुन्या बारदान्याचं खोळपट, एवढीच हत्यारं. आडतीवर सौदा व्हायचा, मापाडी तोल पुकारायचा, मुनीम पट्टी लिहायचा. त्या पट्टीत हमाली आणि तोलाई या दोन ओळी असायच्या, नाव मात्र कुणाचंच नसायचं. महाराष्ट्रात माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा 1969 मध्ये झाला, तेव्हा कुठे पाठीवर वाहणाऱ्याला कामगार म्हणायची सोय झाली. तोवर तो 'ए भाऊ, उचल' एवढाच होता.

बाजारात बायकाही होत्या, त्यांच्याबद्दल तर आणखी कमी लिहिलं गेलं. पोती हलली की खाली दाणे सांडतात. ते झाडून, माती-खड्यासकट गोळा करून, सुपात पाखडून, चाळणीतून काढून पुन्हा दाणा वेगळा करायचा. त्याला मातेरं म्हणतात. कधी मजुरी रोखीत मिळायची, कधी त्यातलंच शेर-दोन शेर धान्य ओच्यात पडायचं. दिवसभर वाकलेली बाई संध्याकाळी मेन रोडनं घरी निघे तेव्हा तिच्या केसांवर तुरीच्या भुशाची पिवळट झाक असे. गोलाईपासून हनुमान चौक, पुढे गांधी चौक, या रस्त्यावरून लातूरचे सगळे मोर्चे गेले, गणपती गेले, पुढारी गेले. सकाळ-संध्याकाळ तो रस्ता खरा कुणाचा होता, हे ठरवायचं तर या बायांची आणि हातगाडेवाल्यांची पावलं मोजावी लागतील.

मग शहर सरकू लागलं. 16 ऑगस्ट 1982 ला उस्मानाबादमधून लातूर वेगळा जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, नोकरदार आले, वसाहती औसा रोड, अंबाजोगाई रोड, बार्शी रोडनं लांबत गेल्या. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट मराठवाड्यात कुणी विसरणार नाही. किल्लारी परिसरात भूकंपानं दहा हजारांच्या घरात माणसं गेली, बावन्न गावं उठून नव्या जागी बसवावी लागली, आणि मदतीचे ट्रक लातुरातून जात राहिले.

बाजाराचं पीकही बदललं. ज्वारी, करडई, भुईमूग यांच्या जागी सोयाबीन आलं आणि आज सोयाबीन-तुरीचा भाव लातूरला काय फुटला, हे विचारूनच लांबलांबचे व्यापारी बोलतात. शिरूर, साकोळ, येरोळच्या शेतकऱ्याच्या मोबाईलवर तो भाव तो घरून निघण्याआधी पोचलेला असतो. शंभर किलोचं पोतं जाऊन पन्नास किलोचा कट्टा आला. ही सुधारणा खरी मोठी. हमालाच्या मणक्यासाठी यापेक्षा चांगली गोष्ट बाजारात क्वचितच घडली असेल. पण डाळमिलमध्ये रंग पाहून दाणा वेचणारी सॉर्टेक्स मशीनही आली, आणि जे काम पन्नास बायकांची बोटं करायची ते काचेआडचा डोळा करू लागला. सुधारणेचं स्वागत करावं, पण त्या पन्नास बायका कुठे गेल्या हेही विचारावं.

बऱ्याच जणी पोळपाट-लाटण्याकडे गेल्या. कारण तोवर लातूरचा दुसरा धंदा उभा राहिला होता. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या निकालांनी 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर नेला. खडगाव रोड, उद्योग भवनाचा परिसर इथे क्लासेस, वसतिगृहं, अभ्यासिका, मेस यांची दाटी झाली. ज्या आवाराच्या नावातच उद्योग आहे तिथे आता सतरा-अठरा वर्षांची पोरं नीटच्या सराव परीक्षा देतात. नांदेड, परभणी, बीडहून आलेल्या या लेकरांचे डबे कुणीतरी पहाटे चारला उठून भरतं. बापानं गोलाईत पोती वाहिली, आई मेसमध्ये भाकरी थापते आणि मुलगी त्याच शहरात जीवशास्त्र पाठ करते, अशी घरं लातुरात आहेत. लातूर पॅटर्नचा इतिहास लिहिला जाईल तेव्हा गुणवत्ता यादीच्या पानासमोर या आईचं पान असायला हवं.

रुळांचं काय झालं, हेही सांगितलं पाहिजे. छोटी गाडी बंद झाली, 2007-08 मध्ये ब्रॉडगेज आलं, स्टेशन गावाबाहेर गेलं. शहरातली जुनी वाट मात्र 'जुनी रेल्वे लाईन' या नावानं पत्त्यांमध्ये राहिली. जिथे इंजिन धापा टाकत यायचं तिथे दुकानं आणि रिक्षा आहेत. स्टेशन हललं तेव्हा त्याच्या दारातले चहावाले, टांगेवाले, ओझेवाले यांना कुणी नवी जागा नेमून दिली नाही. कुणी गोलाईत आले, कुणी रिक्षा घेतली, कुणी पुण्याची गाडी धरली.

आणि तीच वाट 2016 मध्ये शहराच्या मदतीला आली. मांजरा धरण आटलं होतं. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. त्या उन्हाळ्यात मेन रोडवरच्या हातगाड्यांवर केळी-पेरू कमी आणि घागरी जास्त दिसत होत्या. रोजावर जगणाऱ्याला पाण्याच्या रांगेत एक दिवस गेला की मजुरीही गेली. ज्यांच्या दारात टँकर यायचा त्यांना हा हिशोब कळणं अवघड. 11 एप्रिलला मिरजेहून 'जलदूत' निघाली, 12 ला पहाटे लातुरात पोचली. पहिल्या खेपेला दहा टँकर, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींतून पंचवीस लाख लिटर. मार्ग कुठला? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. उस्मानाबादकडचा वळसा सोडला तर ही बार्शी लाइटचीच वाट. जवळजवळ शंभर वर्षं या वाटेनं मराठवाड्याचं धान्य, कापूस, तेलबिया बाहेर गेल्या. त्या वर्षी त्याच वाटेनं उलटं पाणी आलं.

वर्षातून एकदा मात्र गोलाई पूर्ण रिकामी होते. येळवसेला. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला सगळा लातूर जिल्हा रानात जातो. ज्वारीच्या कडब्याच्या कोपीत पांडव पुजायचे, आंबील, उंडे, भज्जी, बाजरीची भाकरी. दुपारी मेन रोडवर उभं राहिलं तर संचारबंदी लागली असं वाटावं. ज्याला शेत नाही त्यालाही कुणी ना कुणी आवतण देतं. आडत्या हमालाला आपल्या रानात नेतो आणि त्याच पंगतीत बसतो. शिरूरकडचा शेतकरी आपल्या ओळखीच्या दुकानदाराला घोंगडीवर बसवून वाढतो. बाजारात वर्षभर जी उतरंड असते ती त्या एका दुपारी आंबिलीच्या माठापाशी सैल होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा आपल्या जागी असते, हेही खरं.

लातूर 2011 मध्ये महानगरपालिका झालं. गोलाई मोकळी करण्याच्या, सुशोभित करण्याच्या योजना अधूनमधून निघतात, अतिक्रमण हटावची गाडी येते, हातगाडे दोन दिवस गल्लीत शिरतात आणि तिसऱ्या दिवशी परततात. वाहनांची कोंडी खरी आहे. रुग्णवाहिका अडकते तेव्हा कुणालाही चीड यावी. पण ज्या गाड्याला अतिक्रमण म्हणतात त्याच्यावर एक घर चालतं, आणि ते घर या चौकाइतकंच जुनं असू शकतं. फेरीवाल्यांसाठी 2014 चा केंद्रीय कायदा आहे. आधी पाहणी करा, पाहणी पुरी होईपर्यंत कुणाला उठवू नका, शहर फेरी समितीत चाळीस टक्के जागा फेरीवाल्यांच्या प्रतिनिधींना द्या आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायकांना, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. हा कायदा गोलाईइतका नीट दुसरीकडे क्वचितच लागू पडेल, कारण इथला प्रत्येक रस्ता विक्रीसाठीच आखलेला आहे.

म्हणून गोलाईचा पुढचा आराखडा ज्यांच्या टेबलावर येईल, त्यांना एवढंच सांगणं आहे. पार्किंगच्या रेघा मारण्याआधी हातगाड्यांच्या जागा मारा. हमालांना टेकायला सावलीचा कट्टा, प्यायला पाणी आणि बाजारात राबणाऱ्या बायांसाठी कुलूप न लावलेलं स्वच्छतागृह, या तीन गोष्टी नकाशात पहिल्यांदा दाखवा. बाकीचं सुशोभीकरण त्यानंतर करा.