झोताच्या दुसऱ्या टोकाला

हातात धरायचा लेसर कितीही ताकदीचा असो, चालवणारा जाणता असला आणि लेसरला पुरेशी कुलुपं असली की धोका उरत नाही, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. ते मी चारचौघांत मांडलं, बंदीची मागणी करणाऱ्यांशी त्यावरून वाद घातले. आज ते माझं मत राहिलेलं नाही. ते का बदललं हे नीट सांगणं मला गरजेचं वाटतं, कारण ज्या विद्यार्थ्यांना आणि आकाशदर्शनातल्या मित्रांना मी जुनं मत पटवून दिलं होतं, त्यांच्यापर्यंत नवं मतही पोचायला हवं.

मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी रात्री वांगणीसारख्या अंधाऱ्या जागी लोकांना आकाश दाखवतो. लेसर नसतानाचे दिवस मला आठवतात. ‘त्या झाडाच्या शेंड्यावरून सरळ वर या, मग थोडं डावीकडे’ असं कितीही सांगितलं, तरी अर्ध्याअधिक लोकांना मघा सापडायची नाही. हिरवा लेसर आला आणि हे सारं पालटलं. हवेतल्या धुळीवर आणि रेणूंवर विखुरलेल्या प्रकाशाची एक रेघ थेट ताऱ्यापर्यंत गेल्यासारखी दिसते आणि मुलं एका सुरात ‘दिसला!’ म्हणतात. या उपकरणावर माझं प्रेम बसलं ते तेव्हा, आणि ते अजून तसंच आहे.

२०१० साली १ वॉटचा निळा लेसर हातात मावेल अशा नळीत मिळू लागला. त्यामागची गोष्ट मोठी रंजक आहे. कॅसिओ कंपनीनं त्या सुमारास दिव्याऐवजी लेसर डायोड वापरणारे प्रोजेक्टर बाजारात आणले. एकेका प्रोजेक्टरमध्ये ४४५ नॅनोमीटरचे २४ निळे डायोड होते आणि प्रत्येकाची ताकद १ वॉटच्या घरात. हौशी मंडळींनी प्रोजेक्टर उघडून ते डायोड काढून घेतले. त्याच वर्षी हाँगकाँगच्या विकेड लेसर्स कंपनीचा ‘स्पायडर थ्री आर्क्टिक’ सुमारे २०० डॉलरना विकायला आला. त्याचं रूप ‘स्टार वॉर्स’मधल्या प्रकाशाच्या तलवारीसारखं आहे म्हणून लुकासफिल्मनं कंपनीला नोटीस धाडली आणि जगभर त्याचं नाव झालं. पुढे त्या धर्तीचे कितीतरी लेसर आले. आमच्या आकाशदर्शन मंडळासाठी असा एखादा घ्यावा का, हे तपासून ठरवायचं काम माझ्याकडे आलं.

मी तपासणी मनापासून केली. अशा लेसरवर सुरक्षेच्या सोयी बऱ्याच असतात. फिरवायची किल्ली असते, ती काढून घेतली की लेसर लागतच नाही. काहींत बटण ठरावीक क्रमानं दाबल्याशिवाय झोत सुटत नाही. झोत चालू असल्याचं सांगणारा दिवा असतो, भिंगावर झाकण असतं, ताकद २० टक्क्यांवर आणणारी सौम्य पायरी असते आणि सोबत नारिंगी गॉगल मिळतो. चौथ्या, म्हणजे सर्वांत धोक्याच्या वर्गातल्या अशा लेसरसाठी मानकं जे मागतात, त्यातलं बहुतेक सगळं इथे दिसतं. प्रयोगशाळेत दारं लावून, गॉगल घालून मी असाच एक लेसर काळ्या कागदावर रोखला. क्षणात धूर निघाला आणि कागदाला भोक पडलं. गॉगलमधून मला ना झोत दिसत होता ना ठिपका; काय चाललंय ते कळलं धुरावरून. मी प्रत्येक सोय तपासली, प्रत्येक सोय चालत होती. ‘जबाबदार माणसाच्या हाती द्यायला हरकत नाही’ असा शेरा मी कच्च्या टिपणात लिहिला.

ते टिपण मंडळाकडे जाण्याआधीच आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं लागलं. मधुमेहामुळे तिच्या डोळ्याच्या पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या वाढू लागल्या होत्या आणि लेसरनं पडद्याचा कडेचा भाग ठिकठिकाणी भाजून त्यांची वाढ रोखायची होती. खोलीचं दार बंद झालं, बाहेर धोक्याचा दिवा लागला आणि मलाही गॉगल दिला गेला. आईची हनुवटी टेकणीवर होती, कपाळ पट्ट्याला लावलेलं. ‘आजी, अजिबात हलायचं नाही, मी सांगतो तिकडेच बघा,’ डॉक्टर म्हणत होते. यंत्राच्या पडद्यावर २०० हा आकडा होता.

‘डॉक्टर, हे मिलिवॉट?’ मी विचारलं.

‘हो. आणि एका वेळेला १०० मिलिसेकंद. तेवढ्यात पडदा भाजतो. मधला भाग मात्र जिवापाड सांभाळायचा, वाचायची नजर तिथे असते.’

१ वॉटच्या लेसरची २० टक्के ‘सौम्य’ पायरी म्हणजे बरोबर २०० मिलिवॉट. ज्या ताकदीनं एक तज्ज्ञ डॉक्टर, रुग्णाचं डोकं स्थिर करून, एक एक ठिपका मोजून, मुद्दाम डोळ्याचा पडदा भाजतो, तिला मी सुरक्षेची सोय म्हणून गुण दिले होते. घरी आल्यावर मी टिपण पुन्हा पहिल्या ओळीपासून तपासायला घेतलं. या वेळी लेसर धरणाऱ्याच्या बाजूनं नाही, झोत ज्याच्या डोळ्यात जाऊ शकतो त्याच्या बाजूनं.

तिथून पाहिलं की आकडे वेगळेच बोलतात. अंधाराला सरावलेल्या डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते. लेसरचे किरण जवळजवळ समांतर असल्यामुळे डोळ्याचं भिंग त्यांना पडद्यावर मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढ्या ठिपक्यात गोळा करतं. बुबुळावर पडणाऱ्या प्रकाशाची तीव्रता पडद्यावर पोचेतो सुमारे लाखपट होते. डॉक्टर वापरतात तो ठिपका याहून कितीतरी मोठा असतो, आणि डॉक्टर जो मधला भाग जपतात, नेमका तिथेच हा ठिपका पडतो, कारण माणूस उजेडाच्या उगमाकडेच बघतो.

पापणी मिटण्याचा भरवसाही इथे धरता येत नाही. १ मिलिवॉटपर्यंतच्या दुसऱ्या वर्गाच्या लेसरला सुरक्षित मानतात, ते सुमारे पाव सेकंदात माणूस डोळे मिटतो किंवा मान फिरवतो या गृहीतावर. १ वॉट म्हणजे त्याच्या हजारपट. पडदा भाजायला त्याला काही मिलिसेकंद पुरतात. शिवाय उजेडाला सरावलेल्या डोळ्याला ४४५ नॅनोमीटरचा निळा प्रकाश ५३२ च्या हिरव्याच्या जेमतेम तिसाव्या हिश्श्यानं उजळ दिसतो. म्हणजे धोका प्रचंड असूनही डोळा त्याची पुरेशी वर्दी देत नाही.

अंतराचा हिशेबही मी केला. झोत दर मीटरला दीड मिलिमीटर पसरतो असं धरलं, तर १ वॉटचा झोत पाव सेकंदासाठी निर्धोक व्हायला सुमारे १५० मीटर जावं लागतं. सौम्य पायरीवरही ६५ मीटरच्या पुढे. आमच्या कार्यक्रमाचं अख्खं मैदान त्यात मावतं.

मग मी सोयींची यादी पुन्हा वाचली. किल्ली चांगलीच आहे. घरातल्या लहान मुलापासून लेसर दूर ठेवायला तिचा उपयोग होतो. पण ती एकदा फिरवली की तिचं काम संपतं. चालू असल्याचा दिवा धरणाऱ्याला दिसतो, समोरच्याला नाही. गॉगल दहा हजारातला एक भागच आत सोडतो, पण तो एकाच माणसाच्या डोळ्यावर असतो. मैदानातल्या चाळीस जणांना गॉगल द्यायचे म्हटले, तर त्यातून त्यांना झोत दिसणार नाही आणि आकाशही पुरतं दिसणार नाही. ज्या कामासाठी लेसर घ्यायचा, ते कामच गॉगलसह होऊ शकत नाही.

सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो नळीच्या मागच्या बाजूच्या छोट्या खाचेनं. तिला रिमोट इंटरलॉक म्हणतात. प्रयोगशाळेत या जोडणीची वायर दाराच्या स्विचला जाते. कुणी दार उघडलं की लेसर आपोआप बंद. तिथे लेसर टेबलाला पक्का केलेला असतो, झोताची उंची डोळ्यांच्या पातळीखाली ठरवलेली असते आणि झोत संपतो तिथे तो गिळून टाकणारा अडसर असतो. चौथ्या वर्गाच्या लेसरची सुरक्षितता या सगळ्या मांडणीत असते. हातातल्या नळीवर त्यातली खाच तेवढी उरली आहे. मैदानावर दार नाही, भिंत नाही, अडसर नाही. मनगट जरा हललं की झोत शंभर मीटरवर कित्येक मीटर सरकतो, आणि वाटेत गाडीची काच, चष्मा, पाण्याची बाटली असं काहीही येऊ शकतं. या वर्गात तर खडबडीत पृष्ठभागावरून विखुरलेला प्रकाशसुद्धा जवळून पाहणं धोक्याचं असतं. मांडणीतून वेगळी काढलेली सोय नियमाची अट पूर्ण करते, डोळा वाचवत नाही. माझं मत बदललं ते इथे, आणि ते पुन्हा मागे गेलं नाही.

जाणतेपणाचा माझा मुद्दा उरतो. ‘विळीनं बोट कापतं म्हणून कुणी विळी घराबाहेर टाकत नाही,’ असं मी म्हणत असे. पण विळीची पोच हाताएवढी असते आणि बहुधा कापतं ते वापरणाऱ्याचंच बोट. लेसरची किंमत मोजतो तो ज्याला त्याचा पत्ताही नाही असा माणूस. विमानाचा वैमानिक तर कित्येक किलोमीटरवर असतो. तिथे पडदा भाजत नाही, पण ऐन उतरताना कॉकपिटची काच लख्ख उजळली की धावपट्टी दिसेनाशी होते. एकट्या अमेरिकेत २०२३ साली विमानांवर लेसर रोखल्याच्या १३,३०४ घटना नोंदल्या गेल्या. आपल्याकडे मिरवणुकीतल्या लेसर झोतांनी डोळे गमावण्याची पाळी आल्याच्या तक्रारी कोल्हापूर-पुण्यात झाल्या आणि २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांना त्यांवर बंदी घालावी लागली. युद्धात माणसाला कायमचं आंधळं करण्यासाठी बनवलेली लेसर शस्त्रं १९९५ च्या आंतरराष्ट्रीय करारानं निषिद्ध ठरवली आहेत. सैनिकाच्या डोळ्यांची जी कदर जगानं केली, ती मैदानातल्या मुलाच्या डोळ्यांची आपण करायला नको का?

जाणत्या माणसालाही काय हातात आहे ते ठाऊक असतंच असं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्थेनं २०१३ मध्ये १२२ लेसर पॉइंटर मोजले, तेव्हा हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के आणि लाल रंगाच्यांपैकी सुमारे ४४ टक्के नियमात बसत नव्हते. त्याआधी २०१० मध्ये याच संस्थेनं एका स्वस्त हिरव्या पॉइंटरमधून धोकादायक इतका अदृश्य अवरक्त प्रकाश बाहेर पडताना पाहिला होता. हिरवा लेसर मुळात अवरक्त प्रकाशापासून तयार होतो. तो अडवणारी गाळणी काही कंपन्या खर्च वाचवण्यासाठी बसवतच नाहीत. जो प्रकाश दिसत नाही, त्याला पापणी तरी कशी मिटणार?

मंडळाला मी ‘घेऊ नये’ असा अहवाल दिला. तारे दाखवायला ५ मिलिवॉटचा हिरवा लेसर पुरतो. तोही आम्ही आता वेष्टणावरच्या आकड्यावर विसंबून घेत नाही. पॉवर मीटरवर मोजतो, अवरक्त गाळणी आहे का ते तपासतो. एका वेळी एकच माणूस तो हाताळतो, झोत कायम डोक्यांच्या वर असतो, विमान दिसलं की तो बंद होतो आणि मुलांनी कितीही हट्ट केला तरी त्यांच्या हाती तो दिला जात नाही. कारण ५ मिलिवॉटचा झोतही पहिले पंधरा-सोळा मीटर डोळ्याला निर्धोक नसतो.

कुणी ताकदवान लेसर घेण्याआधी सल्ला विचारायला आलं, तर किल्ली आहे का, गॉगल मिळतो का, हे मी आता शेवटी विचारतो. पहिला प्रश्न असतो, ज्याला काहीच माहीत नाही आणि ज्याच्या डोळ्यावर गॉगल नाही, असा माणूस किती अंतरावर उभा असेल तर वाचेल? तेवढ्या अंतरात कुणी येणार नाही याची हमी देता येत नसेल, तर बाकीच्या सोयी मोजण्यात अर्थ नाही. १ वॉटचा निळा लेसर टेबलाला पक्का करून, दाराला स्विच जोडून वापरायचा असेल, तर तो मला माझ्या प्रयोगशाळेत आजही हवा आहे. तो हातात धरून मैदानावर न्यायला मात्र मी कुणालाही होकार देणार नाही, आणि दुकानांतून तो पॉइंटर म्हणून विकायला बंदी घालावी असं म्हणणाऱ्यांच्या बाजूनं मी आता उभा आहे.