‘इरिटेबल’ पेशंट

पाळी बदलताना पेशंटची ओव्हर घेताना आमच्या न्यूरोसर्जरी वॉर्डात सगळ्यांना आवडणारा शब्द म्हणजे ‘शांत’. सात नंबर शांत, नऊ नंबर शांत. आणि नाक मुरडायला लावणारा शब्द ‘इरिटेबल’. डोक्याला मार लागलेले पेशंट या दोनच जातींचे असतात, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. तो दहावीतला मुलगा अर्थातच दुसऱ्या जातीचा.

मित्राच्या स्कूटीवर मागे बसला होता, हेल्मेट दोघांनाही नव्हतं. मार कपाळामागे, फ्रंटल लोबला. आयसीयूतले दिवस माझ्या हातून नीट पार पडले. उशाकडची बाजू तीस अंश वर, मान सरळ रेषेत, सक्शनआधी ऑक्सिजन आणि सक्शन एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर नाही, ठरल्या वेळी टॉर्च मारून बाहुल्या बघणं. ही कामं मोजता येतात, आणि मोजता येणाऱ्या कामात मी पक्की आहे. घोळ झाला तो मुलगा शुद्धीवर यायला लागल्यावर.

मेंदूला मार लागलेला माणूस डोळे उघडून ‘मी कुठे आहे?’ असं विचारत नाही. तो लाथा झाडतो, नाकातली नळी उपसतो, शिव्या देतो. कॅलिफोर्नियातल्या रँचो लॉस अमिगोस रुग्णालयाच्या नावाची एक मोजपट्टी आहे. तिच्यात ही गोंधळलेली, खवळलेली अवस्था बरं होण्याच्या वाटेवरचीच एक पायरी म्हणून दिलेली आहे, चौथी. हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. रात्रपाळीत मात्र मी गॉज बँडेज घेऊन त्याची दोन्ही मनगटं कॉटच्या कठड्याला बांधली आणि झोपेच्या इंजेक्शनसाठी रेसिडेंटना फोन लावला. ते ओटीत अडकले होते, म्हणून वाचलो.

चादर सारखी करायला आलेल्या मावशी म्हणाल्या, “सिस्टर, ह्याची पिशवी कवाधरनं कोरडीच दिसती.” कॅथेटरची नळी त्याच्या मांडीखाली दुमडली होती. ओटीपोट हाताला टणक लागत होतं. नळी मोकळी केली तशी पिशवी भरू लागली, आणि थोड्या वेळात तो स्वतःहून झोपला. लघवी तुंबली होती. सांगायला शब्द नव्हते, म्हणून हातपाय झाडत होता. आणि तेच हात मी बांधून टाकले होते. याहून वाईट पुढे आहे. इनटेक-आउटपुट चार्टवर लघवीच्या रकान्यात मी आधीच्या नोंदीकडे बघून अंदाजे आकडा टाकला होता. इंजेक्शन दिलं असतं तर तो गप्प पडला असता, आणि ही गुंगी औषधाची की मेंदूत काही वाढतंय त्याची, हे कुणालाच कळलं नसतं. सकाळी ओव्हर देताना मी ‘शांत’ म्हणून मोकळी झाले असते.

शुद्ध किती आहे ते मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलचीही माझ्या हातून तीच गत. टीसडेल आणि जेनेट यांनी 1974 साली ती मांडली; आज वापरतात तिच्यात तीनपासून पंधरापर्यंत गुण. त्यात बोलण्याला पैकीच्या पैकी, म्हणजे पाच गुण द्यायचे तर पेशंटला आपण कोण, कुठे, कोणता महिना हे सांगता यायला हवं. या मुलाने मला एक अस्सल गावरान शिवी अगदी स्वच्छ उच्चारात हासडली आणि मी पाच लिहून टाकले. राउंडला सरांनी त्याला विचारलं, “आपण कुठे आहोत?” तो म्हणाला, “मामाच्या घरी.” त्यांनी पाचाचे चार केले. मला काहीच बोलले नाहीत, त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

स्पंजिंगचं थोडक्यात सांगते. पडदा न ओढता, त्याच्या आईशी गप्पा मारत मी त्याला पुसत होते. त्याने चादर गच्च धरून ठेवली आणि मी केसपेपरवर लिहिलं, ‘सहकार्य करत नाही’. पंधरा वर्षांचा मुलगा वॉर्डभर उघडा पडायला का सहकार्य करेल?

पण मला सगळ्यात जास्त टोचते ती डिस्चार्जच्या दिवशीची चूक. टाक्यांची काळजी, फिट येऊ नये म्हणूनच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, उलटी किंवा सुस्ती दिसली तर लगेच घेऊन या, सगळं सांगितलं. स्वभावाबद्दल अवाक्षर नाही. फ्रंटल लोब रागाला, उतावळेपणाला लगाम घालतो. या वयात तो मुळातच पुरता पिकलेला नसतो, विशी ओलांडेपर्यंत घडतच असतो. त्यावर मार बसला की मुलगा चालतो, जेवतो, हसतो, पण वर्गात तासाभरात थकतो, सांगितलेलं विसरतो, क्षुल्लक कारणावरून अंगावर धावून जातो. कधी कधी तर हे बरंच उशिरा, अभ्यास वाढल्यावर उघडं पडतं.

काही महिन्यांनी ओपीडीत वडील भेटले. “अंगानं बरा हाये, पन लई उर्मट झालाय. पट्ट्यानं फोडला परवा.” मुलगा शेजारीच उभा होता. मी त्यांना बाजूला घेऊन ते सगळं सांगितलं, जे डिस्चार्जच्या दिवशी सांगायला हवं होतं. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, “हे आदी का न्हाई सांगितलं, सिस्टर?” कामाची गर्दी होती, हे कारण खरं होतं. पण मला सुचलंच नव्हतं, हे जास्त खरं होतं. तेच सांगितलं.

आमच्या डिस्चार्ज कार्डावर अजूनही यासाठी रकाना नाही. मी समासात हाताने लिहिते: राग येईल, विसरेल, लवकर थकेल, मारू नका, शाळेत बाईंना हे कार्ड दाखवा. नवे रेसिडेंट कुरकुरतात, सिस्टर, कार्ड घाण दिसतं म्हणून. एकाने तर खाडाखोड समजून नवीन कार्ड करायला घेतलं. त्याच्यावरही मी समासातच लिहिलं.