मुळशीच्या काठी चूल मांडताना

पावसाळा सरला की पुण्याची तंबू घेतलेली मंडळी मुळशीकडे निघतात. धरणाच्या काठापासून ताम्हिणीच्या वळणांपर्यंत जागोजागी शेकोट्या पेटतात आणि त्याच शेकोटीवर रात्रीच्या जेवणाचं पातेलंही चढतं. जंगलाचा अभ्यासक असलो तरी या स्वयंपाकाला माझा विरोध नाही. राखेत भाजलेल्या वांग्याची चव गॅसवर येत नाही, हे मलाही मान्य आहे. पण शेकोटी वेगळी आणि चूल वेगळी. अन्न नीट शिजतं ते निखाऱ्यावर, जाळ त्याला थोडाच लागतो. हे ज्याला उमगलं त्याचं जेवण चांगलं होतं, लाकूड कमी जळतं आणि मुळशीच्या रानाला झळही कमी पोचते.

लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी निघून जातं. मग २०० ते ३०० अंश सेल्सिअसच्या सुमाराला त्यातून वायू सुटू लागतात. ते जळतात ती ज्वाळा. उघड्यावरच्या मोठ्या जाळात या वायूंचा बराच भाग न जळताच धूर होऊन जातो, काजळी पातेल्याला बसते आणि वाऱ्याची झुळूक आली की आच भांड्याला सोडून भलतीकडेच जाते. वायू संपल्यावर उरतो तो कोळसा. तो जवळजवळ धुराविना, सावकाश आणि सारखी धग देतो. सुक्या लाकडाच्या जेमतेम २० ग्रॅम तुकड्यात एक लिटर पाणी उकळण्याइतकी उष्णता असते. तीन दगडांच्या उघड्या चुलीत तिचा साधारण दहावा भाग भांड्याला मिळतो, म्हणून प्रत्यक्षात २०० ग्रॅम लागतं. हा हिशेब धरला तर चार माणसांच्या भात-आमटीला दोनेक किलो लाकूड पुरे. त्याहून जास्त जळतं ते उजेडासाठी आणि गप्पांसाठी. आपल्या घरोघरच्या मातीच्या चुलीला वैल असतो, तो याच हिशेबातून: मुख्य तोंडावर भाकरी, आणि वाया जाणाऱ्या धगीवर आमटी. रानातही भाताला उकळी येईपर्यंतच जाळ ठेवावा, मग लाकडं मागे ओढून निखारे पसरावेत, दोन-चार झाकणावरही ठेवावेत. भात खाली लागत नाही, वरूनही मुरतो. भाकरीला तवा पापुद्र्यापुरता. ती फुगते निखाऱ्यासमोर उभी केल्यावर.

यावर कोणी म्हणेल, घाट उतरून गेलं की रायगडात पोपटी लावतात, ती तर जाळावरच होते. खरं आहे. पण तिथे वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात दडपून मडकं उपडं घातलेलं असतं. पाल्याच्या आणि शेंगांच्या ओलाव्याची वाफ आतच कोंडते. जळतो तो शेतातला पेंढा आणि पालापाचोळा, तोही पीक निघालेल्या मोकळ्या जमिनीवर. दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो: रानात पडलेलं लाकूड नाहीतरी कुजतंच. पण कुजणं हेच त्याचं काम आहे. ताम्हिणीच्या माथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. काळ्या कातळावरचा मातीचा थर पातळ, आणि त्यातलं पोषण पावसाबरोबर सतत धुपत असतं. पडलेला ओंडका बुरशीला, वाळवीला, भुंगेऱ्यांच्या अळ्यांना पोसत ते पोषण हळूहळू परत देतो. आपल्या पूर्वजांनी कितीतरी देवरायांत पडलेली काटकीही उचलायची नाही असा दंडक घातला होता. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हा अशा दंडकांनी जंगल कसं टिकलं हे सर्वांसमोर आलं. शिवाय अनोळखी लाकडात बिब्बा असला तर त्याच्या धुराने अंगावर फोड येतात. म्हणून लाकूड गावातून विकत घ्यावं. ऐन किंवा जांभळाचं मागावं, त्याचा निखारा टिकतो. सावर-पांगाऱ्याचं भुसभुशीत लाकूड भुर्रकन जळून राख होतं.

गावकरीही आग लावतातच की, हा तिसरा मुद्दा. ते राब भाजतात हे खरं, पण स्वतःच्या खाचरात, जवळ माणसं उभी राहून. विस्तवाचा स्वभाव त्यांना ठाऊक असतो. पूर्वी घरातली बाई रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवी आणि सकाळी त्यावरच चूल पेटवी. शहरातले पाहुणे मात्र निघताना निखाऱ्यांवर माती लोटून ‘विझली’ म्हणतात. मातीखाली झाकलेला विस्तव तासन्‌तास जिवंत राहतो, आणि वाऱ्याने माती हलली की शेजारचं वाळलेलं गवत पेट घेतं. पाणी ओतावं, ढवळावं, पुन्हा ओतावं. उघडा हात टेकवता आला तरच निघावं. चुलीला ओढ्यातले गोटे लावू नयेत. त्यांत मुरलेलं पाणी तापलं की ते फुटतात आणि कपच्या उडतात.

ताम्हिणी २०१३ पासून अभयारण्य आहे. राखीव वनात विस्तव पेटवण्यावर १९२७च्या वन कायद्याचं कलम २६ आणि अभयारण्यात १९७२च्या वन्यजीव कायद्याचं कलम ३० लागू होतं. तेव्हा चूल मांडायची ती खासगी जागेत, मालकाची परवानगी घेऊन, गवत काढलेल्या उघड्या मातीवर. आणि फेब्रुवारीपासून पहिला दमदार पाऊस होईपर्यंत तीही नको. त्या दिवसांत मुळशीचे डोंगर गवताने पिवळे पडलेले असतात. तेव्हा घरूनच गॅसची छोटी शेगडी न्या.