अबोलीचे कान

वारणानगरला आबांच्या घरी घोडी आली तेव्हा तिला जेमतेम दोन दात होते. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून घेतलेली, लांबच्या प्रवासानं ट्रकमधून उतरतानाही थरथरणारी, तांबूस अंगाची. आठ दिवस ती एकदाही खिंकाळली नाही, म्हणून नाव पडलं अबोली.

पण बोलायची ती कानांनी. चंदीची बादली वाजली की दोन्ही कान पुढे टवकारलेले. मागून परका माणूस आला की एक कान त्याच्याकडे वळे आणि दुसरा समोरच राही. नालबंद दिसला की दोन्ही मानेला चिकटत. घोड्याचा प्रत्येक कान स्वतंत्रपणे जवळजवळ अर्धं वर्तुळ फिरतो. लगीनसराईत बँडच्या दणदणाटात अबोली शांत चाले, ती आबांचा हात मानेवर असे म्हणून. गळीत हंगामात कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉल्यांतून उसाचं वाढं ओढायची सवय मात्र तिनं शेवटपर्यंत सोडली नाही.

आबा रोज सकाळी खरारा करत, आणि दर शनिवारी तिच्या कानांत कोमट खोबरेल सोडत. त्यांच्या वडिलांनी टांग्याच्या घोड्याला तेच केलेलं. माया होती त्यात, दुसरं काही नाही.

अबोली नवव्या वर्षात असताना एका पावसाळ्यात तिनं डोकं झटकायला सुरुवात केली. डावा कान गोठ्याच्या खांबावर घासू लागली, मोहरकी चढवू देईना. कानात तपकिरी, ओशट मळ साचला होता आणि त्याला आंबूस वास येत होता. पशुवैद्य आले. आधी त्यांनी गोचीड शोधली, मग जखम; दोन्ही नव्हतं. कापसाचा बोळा आत फिरवून त्यांनी तो काचेवर घोळवला, रंग दिला आणि आबांना सूक्ष्मदर्शकात पाहायला बोलावलं. आत जांभळट ठिपके होते, प्रत्येकाच्या एका टोकाला अंकुर फुटलेला, अगदी भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराचा.

‘‘अवो डॉक्टर, म्हंजे कान आतनं सडला म्हणायचा?’’

‘‘नाही आबा. आता हा उजवा बघा.’’

उजव्या कानाला काहीच दुखणं नव्हतं. तरी तिथंही त्याच शेंगा होत्या, फक्त मोजक्या.

हा मॅलासेझिया नावाचा यीस्ट. साखरपट्ट्यात यीस्ट म्हटलं की मळी आंबवून मद्यार्क करणारा आठवतो; पण हा साखर आंबवत नाही. त्याला चरबी लागते, आणि ती स्वतः तयार करता येत नसल्यानं तो त्वचेच्या तेलकट स्रावावर जगतो. माणसाच्या डोक्यातल्या कोंड्याशीही याच कुळाचा संबंध आहे. त्यातली एक जात १९२५ साली वाइडमन यांनी कातडीच्या रोगानं पिडलेल्या भारतीय गेंड्यावरून वेगळी केली. तीच कुत्र्यांच्या कानांत सर्रास सापडते. २००७ साली स्पेनमधल्या संशोधकांनी घोड्याच्या त्वचेवरच्या एका जातीला ‘इक्विना’ हे नाव दिलं. निरोगी घोड्यांच्या कानांतून अशा जाती अनेकदा मिळाल्या आहेत. कान कोरडा आणि त्वचा धड असेतो हे बिऱ्हाड गुपचूप राहतं; ओल, उष्मा आणि तेलाचा पुरवठा मिळाला की फोफावतं. कुत्र्यांइतका हा त्रास घोड्यांना होत नाही, म्हणूनच तो ओळखायला उशीर होतो.

आबांना हे कळायला वेळ लागला नाही. ‘‘म्हंजे शनिवारी मी त्येलाच जेवू घालत होतो,’’ एवढंच ते म्हणाले आणि खाली बसले. त्यांची चूक म्हणणं बरोबर नाही; पिढ्यान्‌पिढ्या घोडी सांभाळणाऱ्या घरांतून हा उपाय चालत आला आहे, आणि बहुतेक कान तो सोसतातही.

डॉक्टरांनी दिलेलं औषध तीन आठवडे चाललं. कान धुवायचे नाहीत, बाहेरून फक्त स्वच्छ कापडानं पुसायचे, आतले केस कातरायचे नाहीत, कारण माश्या आणि धूळ तेच अडवतात. चौथ्या आठवड्यात अबोलीनं मोहरकीसाठी आपणहून मान खाली घातली.

त्यानंतर ती पंधरा वर्षं जगली. घोड्याला तसं पंचवीस-तीस वर्षांचं आयुष्य असतं. अबोली चोविसाव्या वर्षी, ऐन आषाढात पोटशुळानं गेली. वर्षभर आधी डॉक्टरांनी तिचे दोन्ही कान पुन्हा तपासले होते. काचेवर चार-दोन शेंगा दिसल्या, आणि त्यांनी काहीच औषध दिलं नाही.

त्या गोठ्यात आता तिची नात आहे. खोबरेलाची वाटी अजून तिथंच असते, पण ती खुरांना लावायला.