किती वाजले?

आमच्या गाडीतलं घड्याळ बंद पडलेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण या विषयावर आमच्या घरात अजूनही दोन तट आहेत. घड्याळ चालू होतं आणि वेळही बरोबर दाखवीत होतं. फक्त रात्री ती वेळ कुणाला दिसत नव्हती. आमच्या बँकेत 'साहेब आहेत, पण भेटणार नाहीत' अशी एक अवस्था असते, तशातला प्रकार.

गाडी २००९ सालची, मी घेतली २०१६ साली, म्हणजे तिचं तारुण्य दुसऱ्या कुणीतरी उपभोगल्यानंतर. तिच्या डॅशबोर्डच्या मधोमध आकड्यांचं घड्याळ आहे. असले आकडे स्वतः उजेड देत नाहीत. मागून येणारा उजेड अडवून ते आपलं काळं तोंड दाखवतात. दिवसा बाहेरच्या उजेडावर भागतं. रात्री मात्र पाठीमागे एक दिवा लागतो. गाडीचे दिवे लावले की तोही लागायचा आणि आकड्यांमागे छान हिरवा उजेड पडायचा. २०१९ च्या पावसाळ्यात हा दिवा गेला.

दुसऱ्या कुणाच्या घरी हे महिनाभर लक्षातही आलं नसतं. पण आमच्या गाडीत पुढच्या डाव्या सीटवर नाना बसतात. नाना म्हणजे माझे वडील. १९६३ साली एस.टी.त लागले आणि १९९९ साली वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली, तेव्हा नाना सात वर्षांचे होते; पण ते ही हकीकत अशी सांगतात की, शिट्टी त्यांनीच मारली असावी असं ऐकणाऱ्याला वाटतं. महिन्यातून एकदा आम्ही वाईला आत्याकडे जातो. पुण्याहून वाई म्हणजे दोन-सव्वादोन तासांचा रस्ता. त्यात नाना किमान बारा वेळा विचारतात, "किती वाजले?"

त्यांच्या मनगटावर घड्याळ आहे. निवृत्तीच्या वेळी मिळालेलं, चावीचं. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना लांबचं लख्ख दिसतं आणि मनगटावरचं चष्म्याशिवाय दिसत नाही. शिवाय अंधारात चष्मा असून उपयोग काय? मोबाईल त्यांनी घेतलेला नाही. "निघायची वेळ ठरलेली असली की फोन करावा लागत नाही," असं त्यांचं मत आहे.

सप्टेंबरात एका संध्याकाळी आम्ही खंबाटकीचा घाट चढत होतो. पाऊस, धुकं, पुढे कंटेनर, मागे कंटेनर. आणि नाना म्हणाले, "किती वाजले?"

मी एका हाताने मोबाईल उचलला. मोबाईलने माझा चेहरा ओळखायला नकार दिला. अंगठा लावला, तो ओला होता. मग आकडे दाबायला खाली पाहिलं आणि तेवढ्यात मागच्या कंटेनरने असा काही हॉर्न दिला की मागच्या सीटवर झोपलेली आमची ही थेट 'अथर्वशीर्ष' म्हणतच जागी झाली. गाडी पांढरी रेघ ओलांडून गेली होती. मी ती परत आणली. सात वाजून बावीस मिनिटं झाली होती. आमचे सगळ्यांचेच बारा वाजायचे राहिले होते, इतकंच.

घाटमाथ्यावर पोचेपर्यंत कुणी बोललं नाही. मग ही म्हणाली, "अहो, ते घड्याळ दुरुस्त करून घ्या."

वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या मुलाने घड्याळाकडे न बघताच सांगितलं, "असेंब्ली बदलावी लागेल. बत्तीसशे."

"पण आतला फक्त दिवा गेलाय."

"दिवा सुटा मिळत नाही, सर."

मी कॉमर्सचा पदवीधर आहे. तांदळाच्या दाण्याएवढ्या दिव्यासाठी बत्तीसशे रुपये मोजायचे, तर पदवीचं सर्टिफिकेट परत करायला हवं. मुलाने मला मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. तीत एका गृहस्थाने घड्याळ काढलं, जुना दिवा उपटला, तिथे एलईडी बसवला आणि घड्याळ परत लावलं. एकूण वेळ चार मिनिटं. मला पाच शनिवार लागले. त्यातही २०१५ च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते म्हणून. नाहीतर हा लेख अजून लिहून झाला नसता.

पहिल्या शनिवारी मी घड्याळ बाहेर काढलं. त्याआधी बॅटरीची वायर सोडवायची असते, आणि तीही आधी ऋण बाजूची. कारण गाडीची सगळी बॉडी ऋण असते. धन बाजू आधी सोडवायला गेलात आणि पाना चुकून पत्र्याला टेकला, की ठिणग्यांची दिवाळी. आयुष्यभर 'नावे'ची बाजू आधी तपासणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागलं नाही. चौकट मात्र पाच प्लास्टिकच्या खिट्ट्यांवर बसवलेली होती. स्क्रूड्रायव्हर घालून हलकेच उचकटलं. टक्. टक्. टक्. तीन खिट्ट्या माझ्या हातात आल्या, दोन जागेवर राहिल्या. दिवा निघाला तो इवलासा, सव्वा वॅटचा, काळा पडलेला. त्याच्या डोक्यावर हिरव्या रबराची टोपी होती. म्हणजे इतकी वर्षं ज्या हिरव्या उजेडाचं मला कौतुक होतं, तो त्या टोपीचा होता!

दुसऱ्या शनिवारी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. तिथे विजेची अशी कुठलीही वस्तू नाही जी मिळत नाही आणि असं कुठलंही गिऱ्हाईक नाही जे मूर्ख ठरत नाही.

"तसला दिवा आता कशाला लावता?" दुकानदार म्हणाला. "तयार एलईडी घ्या, साठ रुपये."

"आणि सुटा?"

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "सुटा तीन रुपये. पण रेझिस्टर जोडावा लागेल."

"तो केवढ्याला?"

"रुपयाला."

चार रुपये आणि साठ रुपये. वाचकहो, निर्णय झाला होता. त्याने कागदाच्या चिठोऱ्यावर हिशेब करून दिला. गाडी चालू असताना बॅटरीचे बारा नव्हे, चौदा व्होल्ट धरायचे. पांढऱ्या एलईडीला तीन पुरतात. उरले अकरा. ते कुणीतरी खायला हवेत, नाहीतर ते एलईडीलाच खातील. खाण्याचं काम रेझिस्टरचं. अकरा भागिले ६८० ओहम म्हणजे सोळा मिलिअँपिअर. एलईडीची मर्यादा वीस. हे मला व्याजाच्या कोष्टकापेक्षा लवकर समजलं. मूळ रक्कम, दर आणि मध्ये कापून घेणारा कुणीतरी, एवढंच तर असतं.

घरी येऊन डायनिंग टेबलावर सोल्डरिंगचा कारखाना मांडला. पहिली गोष्ट चिकटली ती टेबलक्लॉथला. यथावकाश एलईडीलाही चिकटली. गाडीत बसवला. दिवे लावले. अंधार. पुन्हा सगळं तपासलं. अंधारच. ही भाजी निवडता निवडता म्हणाली, "उलटा लावून बघा. टॉर्चचे सेल लावतो तसा." मी तिला समजावून सांगणार होतो की दिव्याला सुलट-उलट काही नसतं. जुन्या दिव्याला ते खरंच नव्हतं. पण एलईडीतून वीज एकाच दिशेने जाते, आमच्या बँकेतल्या अर्जासारखी. उलटा लावला. म्हणजे सुलटा झाला. पण तोवर ओढाताणीत रेझिस्टरचा पाय तुटला होता.

तिसऱ्या शनिवारी मुलाच्या शाळेच्या प्रकल्पाच्या डब्यातून दुसरा रेझिस्टर घेतला. रेझिस्टरवर आकडे नसतात, रंगीत पट्टे असतात. निळा सहा, राखाडी आठ, आणि तिसरा पट्टा पुढे किती शून्यं ते सांगतो. तपकिरी असेल तर एक शून्य, म्हणजे ६८०. काळा असेल तर एकही नाही, म्हणजे नुसते ६८. पार्किंगमधल्या पिवळट दिव्याखाली मला काळा आणि तपकिरी सारखेच दिसले. तपकीर गल्लीतून जाऊन आलेल्या माणसाला तपकिरी ओळखता येऊ नये! दिवे लावले मात्र, घड्याळातून एकदम वीज चमकावी तसा निळापांढरा लोळ आला, मग रेझिस्टरमधून धुराची एक बारीक रेघ, मग करपल्याचा वास, मग पूर्ववत अंधार. सोळाच्या जागी एकशे साठ मिलिअँपिअर गेले होते. एका शून्यासाठी आम्ही कितीतरी संध्याकाळी कॅश टॅली होईपर्यंत बसून राहिलो आहोत. पण शून्य चुकलं की धूर निघतो हे मी प्रथमच पाहिलं.

चौथ्या शनिवारी दिवा लागला. लागला म्हणजे काय, उजाडलं. हिरवी टोपी मी घातलीच नव्हती, इतका स्वच्छ पांढरा प्रकाश झाकायचा कशाला म्हणून. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा, त्यावर पिवळ्या रसायनाचा थर. हा निळा प्रकाश मिळवून दिल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ सालचं नोबेल मिळालं. त्या रात्री मी स्वतःला चौथा समजत होतो. मोठ्या ऐटीत नानांना गाडीत बसवून कात्रजच्या बोगद्यापर्यंत फेरी मारायला निघालो.

नाना पाच मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, "हे घड्याळ आहे की ऑपरेशन थिएटर?"

"का? दिसतंय ना स्पष्ट?"

"घड्याळच दिसतंय. रस्ता दिसतोय का तुला?"

खरं सांगायचं तर दिसत नव्हता. समोरच्या काचेत एक उलटं घड्याळ अधांतरी तरंगत होतं, आणि त्याच्या पलीकडे कुठेतरी पुणे-सातारा रस्ता असावा असा अंदाज होता.

"रातराणीत ड्रायव्हरच्या मागचे दिवे का मालवतात?" नाना म्हणाले. "पॅसेंजरला झोप यावी म्हणून? काचेत आतला उजेड दिसला की बाहेरचा माणूस दिसत नाही. आणि डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. एकदा भपका बसला की वीस-वीस मिनिटं पुन्हा पहिल्यासारखं दिसत नाही. उजेड जास्त झाला म्हणजे जास्त दिसतं, असं नसतं."

छत्तीस वर्षं गाड्या सोडलेला माणूस हे मला आधीच सांगू शकला असता. पण मी त्यांना विचारलंच नव्हतं. चित्रफीत बघितली, दुकानदाराला विचारलं, मुलाला विचारलं; ज्यांच्यासाठी दिवा लावायचा, ते सोडून सगळ्यांना.

पाचव्या शनिवारी ६८० चा रेझिस्टर काढून ४७०० चा लावला. एलईडीला दोन-सव्वादोन मिलिअँपिअर मिळू लागले. पगार सातव्या हिश्शावर आला. ऐच्छिक सेवानिवृत्तीच म्हणा ना. गंमत अशी की, वीज सातव्या हिश्शावर आणली तरी डोळ्याला उजेड तितका कमी वाटत नाही. निम्म्याच्या आसपास वाटतो. वर जुनी हिरवी टोपी घातली. आपल्या डोळ्यांना हिरवा रंग थोडक्या उजेडातही चांगला दिसतो. म्हणजे ज्या कुणी मुळात ती टोपी घातली होती, तो माझ्यापेक्षा शहाणा होता. तीन खिट्ट्या तुटल्या होत्या म्हणून चौकट गोंदाने चिकटवली. ती जराशी डावीकडे कलून बसली, ती बसलीच.

हिशेब असा: एलईडी १५, रेझिस्टर १०, सोल्डरिंग आयर्न २५०, मीटर ३००, गोंद ४०, तपकीर गल्लीचं पार्किंग ६०, त्याच फेऱ्यांतले वडापाव ९०, टेबलक्लॉथ ४५०. एकूण १२१५. बत्तीसशेतून वजा जाता निव्वळ बचत १९८५ रुपये. माझी मजुरी धरलेली नाही. ती धरायला हिने हरकत घेतली.

नोव्हेंबरात आम्ही पुन्हा वाईला निघालो. खेड शिवापूरला अंधार पडला. मी दिवे लावले. घड्याळात मंद हिरवा उजेड आला, बाहेरचा रस्ता रस्त्यासारखा दिसत होता. मी नानांकडे पाहिलं. त्यांनी मान किंचित पुढे केली, आकडे वाचले, आणि समाधानाने मागे टेकले.

शिरवळ गेलं. खंडाळा गेलं. नाना काही बोलले नाहीत. दर गावाला ते घड्याळाकडे बघायचे, मनातल्या मनात नोंद करायचे आणि पुन्हा मागे टेकायचे. घाट लागला. मला काहीतरी चुकल्यासारखं होत होतं. गाडीचा आवाज तपासला, काटे तपासले, मागे वळून हीसुद्धा आहे ना ते पाहिलं. मग लक्षात आलं. 'किती वाजले'च्या मागोमाग नेहमी काहीतरी यायचं. "सात? मग बाहात्तर सालच्या दुष्काळात याच घाटात..." किंवा, "याच वेळेला आमची सातारा सुटायची. ड्रायव्हर कोण, माहीत आहे?" माहीत असायचं, शंभरदा ऐकलेलं असायचं. ती वेळ नानांना नको होती. ती बोलायची घंटा होती, आणि मी पाच शनिवार खपून, १२१५ रुपये खर्चून ती बंद करून टाकली होती.

घाटमाथा आला तेव्हा मीच विचारलं, "नाना, किती वाजले?"

"समोर आहे की. तुला दिसत नाही?"

"नाही हो, इथून नीट दिसत नाही. घड्याळ तुमच्या बाजूला कललंय."

हे अगदीच खोटं नव्हतं. असले आकडे तिरक्या बाजूने पाहिले की फिके होतात. थोडेसे फिके. वाचता न येण्याइतके नव्हेत.

नानांनी पुढे वाकून वाचलं. "सात एकोणीस. चार मिनिटं लेट आहेस. एकोणऐंशी साली इथे दरड आली होती तेव्हासुद्धा माझी गाडी..."

सुरूर फाट्यापर्यंत दरड पुरली. वाईत शिरताना ते म्हणाले, "ते घड्याळ सरळ बसव रे. ड्रायव्हरला वेळ दिसायला हवी."

"बसवतो," मी म्हटलं. "येत्या दुसऱ्या शनिवारी."

त्यानंतर कितीतरी दुसरे शनिवार आले आणि गेले. गोंदाची ट्यूब अजून ड्रॉवरमध्ये आहे. घड्याळ अजून डावीकडे कललेलंच आहे.