नेरळची रेल्वेमोटार

दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आम्ही एक इवलीशी गाडी पाहिली. पुढे इंजिन नाही, मागे डब्यांची माळ नाही. पेट्रोलवर चालणारी मोटारच जणू रुळांवर चढवून ठेवली होती. ती मूळची माथेरानच्या मार्गावरची, असे कळताच आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "अरे, ही तर आपल्याकडची लेक! इतक्या दूर दिली होय?" तेव्हापासून तिचे माहेर पाहण्याचा त्यांचा हट्ट होता. परवा मार्गशीर्षात आम्ही त्यांना घेऊन नेरळास उतरलो.

मुख्य मार्गाच्या शेजारीच हा दोन फुटी रूळ सुरू होतो. सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांची जिद्द, यांतून १९०४ मध्ये काम सुरू झाले आणि १९०७ मध्ये गाडी डोंगरावर पोहोचली. खर्च सोळा लक्ष रुपये. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी ठाणी घेत हा मार्ग सुमारे २१ किलोमीटर वळणे घेत जातो. काही ठिकाणी वीस फूट चालावे तेव्हा एक फूट चढावे, असा चढ आहे.

अशा ठिकाणी वाफेचे इंजिन म्हणजे मोठ्या घरचा स्वयंपाक. चूल आधी पेटवावयाची, पाणी तापावयाचे, कोळसा जळत राहावयाचा. मग पंगतीस चार पाने असोत की चाळीस! रेल्वेमोटारीचे तसे नव्हते. इंजिन व बैठका एकाच सांगाड्यावर. कळ फिरवली की निघाली. मोठी पंगत तिच्याने उठत नसे हे खरे. पण मोजक्या उतारूंसाठी सबंध गाडी जुंपावी लागत नसे. कालका-सिमला मार्गावरही अशा मोटारी याच सोयीसाठी आल्या.

असो. आम्ही खिडकीशी पोहोचलो तो तिकिटे संपलेली. नाइलाजाने टॅक्सी केली. दस्तुरीपुढे मोटारींस मज्जाव. तेथून आत्याबाईंचे दुखरे गुडघे सांभाळीत अमन लॉजपर्यंत पायी गेलो, आणि तेथे मात्र लहान गाडी मिळाली.

जुलै २००५ च्या अतिवृष्टीने हा मार्ग वाहून गेला, तो २००७ मध्ये पुन्हा उघडला. २०१९ च्या पावसात बंद पडलेला मार्ग पुरता सुरू होण्यास ऑक्टोबर २०२२ उजाडला. दर वेळी उतारूंच्या पायांस सडकेची सवय जडते. आमच्या मते मार्ग जगतो तो सुटीतल्या गर्दीवर नव्हे, तर दिवसातून अनेकदा, थोड्या माणसांसाठीही, गाडी सुटण्यावर. नव्या तऱ्हेची एखादी लहान मोटार या रुळांवर पुन्हा का धावू नये?

उतरताना आत्याबाई एवढेच म्हणाल्या, "लेक संग्रहालयात सुखात आहे, पण माहेरचे दार उघडे राहिले पाहिजे हो."